न बोलणाऱ्या माणसाचा सिनेमा

५ जुलै १९६९. ह्यूस्टन. चंद्राकडे निघायला अकरा दिवस उरले होते. कुणाच्या सर्दी-खोकल्याची लागण होऊ नये म्हणून नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स यांना पंखे लावलेल्या प्लॅस्टिकच्या एका खोक्यात बसवलं होतं आणि समोर जगभरातले पत्रकार होते. त्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती : या माणसांच्या मनात काय चाललंय?

प्रश्न आला, की चंद्रावर आठवण म्हणून सोबत काय नेणार? बायकोचा दागिना, मुलाचं खेळणं, आईनं दिलेलं काहीतरी. त्यातून मथळा झाला असता. आर्मस्ट्राँग क्षणभर थांबला आणि म्हणाला, की माझ्या हातात असतं, तर मी जास्तीचं इंधन नेलं असतं.

लोक हसले. कोरडा माणूस, अशी नोंद झाली.

पंधरा दिवसांनी, २० जुलैला, 'ईगल' चंद्राच्या जमिनीकडे उतरत होतं. संगणक त्याला ज्या जागी नेत होता, तिथे मोटारीएवढाल्या शिळा पसरलेल्या एका विवराचा काठ होता. आर्मस्ट्राँगनं नियंत्रण हातात घेतलं आणि यान जवळजवळ आडवं पुढे नेलं. ह्यूस्टनहून किती सेकंद उरले ते सांगितलं जात होतं. चाकं नव्हे, पाय टेकले तेव्हा उतरण्याचं इंधन एका मिनिटापेक्षाही कमी उरलं होतं. त्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला दीडशेच्या आसपास होते. आवाज मात्र सपाट होता.

म्हणजे त्या पत्रकार परिषदेत त्यानं प्रश्न टाळला नव्हता. त्याला खरंच कशाची काळजी वाटत होती तेच त्यानं सांगितलं होतं. ते काळजीसारखं ऐकू आलं नाही, इतकंच.

'फर्स्ट मॅन' (२०१८) पाहताना हे उत्तर पुन्हा ऐकलं आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. जो माणूस बोलतच नाही, त्याच्यावर सिनेमा करायचा कसा? आणि त्याहून अवघड : करायचा, तर त्याच्या न बोलण्याचं काय करायचं?

वीर म्हटलं की

आपल्या भाषेतच एक गोची आहे. आपण 'अंतराळवीर' म्हणतो. शब्दातच वीर आहे आणि वीर म्हटला की पोवाडा आला, डफ आला, गर्जना आली. पण पहिल्या पिढीतले बहुतेक अंतराळवीर टेस्ट पायलट होते. नव्या विमानात बसायचं, ते कुठवर ताणलं की मोडायला लागतं ते पाहायचं, मोडायच्या आत परत यायचं आणि खाली उतरून नेमका अहवाल लिहायचा, हा त्यांचा धंदा. त्या धंद्यात रेडिओवर भावना व्यक्त करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. खाली बसलेल्याला तुमची भीती नको असते, आकडा हवा असतो.

आर्मस्ट्राँग तर त्यांच्यातही अबोल. ओहायो राज्यातल्या वापाकोनेटा गावात १९३०मध्ये जन्मलेला मुलगा. पर्ड्यू विद्यापीठात एअरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकताना मधेच कोरियाच्या युद्धात गेला, ७८ मोहिमा उडवून परत आला आणि पदवी पूर्ण केली. चंद्रावरून आल्यावर काही वर्षांत त्यानं नासा सोडलं आणि सिनसिनाटी विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवलं. १९९४च्या सुमारास त्यानं सह्या देणंही बंद केलं, कारण लोक त्या विकत होते. एकदा त्याच्या केशकर्तनकारानं त्याचे कापलेले केस एका संग्राहकाला विकले, तेव्हा मात्र त्यानं वकिलाकरवी पत्र पाठवलं.

२०००मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यानं स्वतःची ओळख करून दिली. आपण पांढरे मोजे घालणारे, खिशात पेनांची पिशवी खोचणारे इंजिनिअर आहोत आणि तसेच राहणार, असं तो म्हणाला. पुढे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, स्टीम टेबल्स, लाप्लास अशी नावं घेत त्यानं जवळजवळ प्रेमपत्रच वाचलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्यांनी त्या स्टीम टेबल्सना शिव्या देत काढली आहेत, त्यांना त्यातली ऊब कळेल. हा माणूस भावनाशून्य नव्हता. त्याच्या भावना ज्या गोष्टींवर जडल्या होत्या, त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही, एवढंच.

आणि एक गंमत. चंद्रावरचे आपल्या ओळखीचे बहुतेक फोटो ऑल्ड्रिनचे आहेत. कॅमेरा बहुतांश वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाचा तिथला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो म्हणजे ऑल्ड्रिनच्या हेल्मेटच्या काचेत पडलेलं त्याचं चिमुकलं प्रतिबिंब. इतिहासानं इथे एक रिकामी जागा सोडली आहे. सिनेमाला ती भरायचा मोह होणारच.

ती भरायचे निदान चार मार्ग आजवर चोखाळले गेले आहेत.

पहिला मार्ग : उसनं भांडण

'अपोलो १३' (१९९५) बहुतेकांनी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत तरी पाहिलेला असतो. १३ एप्रिल १९७०ला चंद्राकडे जाणाऱ्या यानातली ऑक्सिजनची टाकी फुटते आणि तिघे जण चांद्रयानालाच होडी करून परत येतात. रॉन हॉवर्डचा हा सिनेमा तांत्रिक तपशिलांत कमालीचा काटेकोर आहे. कमांडर जिम लोवेलनं सहलेखन केलेल्या पुस्तकावर तो बेतला आहे आणि शेवटी जहाजाच्या कप्तानाच्या छोट्या भूमिकेत लोवेल स्वतः दिसतोही.

पण त्यात फ्रेड हेझ आणि जॅक स्विगर्ट यांचं एक कडाक्याचं भांडण आहे. टाकी ढवळायचं बटण दाबणाऱ्या स्विगर्टवर हेझ घसरतो, लोवेल दोघांना थांबवतो. असं भांडण यानात झालंच नव्हतं. रेकॉर्डिंग ऐकलं तर तीन थकलेली, गारठलेली माणसं एकमेकांना आकडे वाचून दाखवताना ऐकू येतात. पटकथाकारांनी यानातला ताण दिसावा म्हणून आवाज चढवला.

त्या प्रसिद्ध वाक्याचंही तेच. मूळ वाक्याचा रोख 'ह्यूस्टन, इथे एक अडचण आली होती' असा आहे, घडलेल्या गोष्टीची नोंद केल्यासारखा. सिनेमात ते 'ह्यूस्टन, अडचण आहे' असं झालं. काळ बदलला आणि अहवालाचा इशारा झाला. 'अपयश हा पर्यायच नाही' हे जीन क्रान्झचं गाजलेलं वाक्यही पटकथेतलं आहे. क्रान्झला ते इतकं आवडलं, की २०००मध्ये त्यानं आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं.

हा मार्ग तसा निरुपद्रवी वाटतो. बहुतेक पात्रं हयात होती, हसून सोडून देऊ शकत होती. (स्विगर्ट मात्र १९८२मध्येच कर्करोगानं गेला होता, आणि भांडणात आरोप त्याच्यावरच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.) पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला : संकटात खरी माणसं ओरडतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री दोन वाजता सिस्टिम झोपली की आम्हीही एका कॉलवर गोळा होतो. आमच्या चुकीनं कुणाचा जीव जात नाही, त्यामुळे तुलना तिथेच संपते. पण एवढं पाहिलंय की अशा कॉलवर ज्याचा आवाज चढतो तो बहुधा सगळ्यांत कमी उपयोगाचा असतो. जो सावकाश विचारतो, 'शेवटचा बदल किती वाजता गेला?', त्याच्या आवाजाकडे सगळे वळतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण त्या वेळी शब्दशः खरी असते.

'ईगल' उतरतानाही असंच झालं. संगणकानं १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना दिली. कामं जास्त झाली आणि जागा संपली, असा तिचा अर्थ. आर्मस्ट्राँगनं ह्यूस्टनला त्या सूचनेचा अर्थ विचारला तेव्हा आवाजाला किंचित धार होती, तेवढीच. खाली जॅक गार्मन आणि स्टीव्ह बेल्स या विशीतल्या दोन तरुणांनी काही सेकंदांत सांगितलं, की पुढे जा. प्रोग्रॅम असा लिहिला होता, की बिनमहत्त्वाची कामं टाकून देऊन तो महत्त्वाची कामं चालू ठेवत होता. मला कधी कधी वाटतं, आर्मस्ट्राँगचं डोकंही त्या क्षणी तेच करत होतं.

दुसरा मार्ग : गप्प आहे, म्हणजे दोषी आहे

हा मार्ग सगळ्यांत वाईट. त्याची किंमत गस ग्रिसमनं मोजली.

ग्रिसम बोलण्याच्या बाबतीत आर्मस्ट्राँगचाही गुरू. एकदा रॉकेट बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांपुढे त्याला भाषण करायला उभं केलं. तो म्हणाला, 'चांगलं काम करा.' भाषण संपलं. कामगारांना ते इतकं भिडलं, की त्यांनी त्या तीन शब्दांचा मोठा फलक करून कारखान्यात टांगला.

२१ जुलै १९६१ला 'लिबर्टी बेल ७' या कुपीतून अंतराळात जाऊन ग्रिसम अटलांटिक महासागरात उतरला. हेलिकॉप्टर यायच्या आतच कुपीचं दार उडालं. ते स्फोटकांनी उघडणारं दार होतं. पाणी आत शिरलं, ग्रिसम कसाबसा बाहेर पडला आणि बुडता बुडता वाचला. कुपी मात्र जवळजवळ पाच किलोमीटर खोल तळाशी गेली. तो म्हणाला, दार आपोआप उडालं, मी काही केलं नाही. त्यापलीकडे त्यानं फारसं स्पष्टीकरण दिलं नाही.

१९८३मध्ये फिलिप कॉफमनचा 'द राइट स्टफ' आला. टॉम वुल्फच्या पुस्तकावरचा तो सिनेमा अनेक अर्थांनी अप्रतिम आहे. पण त्यातला ग्रिसम त्या कुपीत घाबरून, गुदमरून गेलेला दिसतो. प्रेक्षक निष्कर्ष काढून मोकळा होतो : यानंच घाबरून दार उडवलं.

आता पुरावा पाहा. दार हातानं उडवायचं तर एक दट्ट्या जोरात दाबावा लागे आणि तो उलटा झटका देई. १९६२मध्ये वॉली शिरानं आपली मोहीम संपल्यावर जहाजाच्या डेकवर ते दार मुद्दाम उडवलं, तर त्याच्या हाताला जखम झाली. ग्रिसमच्या हातावर तसली खूण नव्हती. नासाचा त्याच्यावर विश्वास नसता, तर मार्च १९६५मध्ये जेमिनीच्या पहिल्या मानवी उड्डाणाचं आणि पुढे अपोलोच्या पहिल्या मोहिमेचं नेतृत्व त्याला दिलं नसतं. आणि त्या जेमिनी यानाला त्यानं नाव काय दिलं? 'मॉली ब्राउन'. टायटॅनिकमधून वाचलेली, न बुडणारी म्हणून प्रसिद्ध झालेली बाई. नासाच्या साहेबांनी नाक मुरडलं आणि दुसरं नाव सुचवायला सांगितलं. त्यानं 'टायटॅनिक' सुचवलं. मग साहेबांनी मॉली ब्राउनच चालवून घेतली. अबोल माणसाचं उत्तर असं असतं.

पण १९८३मध्ये उत्तर द्यायला ग्रिसम होताच कुठे? २७ जानेवारी १९६७ला अपोलो-१च्या चाचणीत, जमिनीवरच, यानाला आतून आग लागली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि वाढलेल्या दाबामुळे ते उघडता आलं नाही. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. सोळा वर्षांनी सिनेमा आला आणि ज्यांनी ग्रिसमबद्दल दुसरं काही वाचलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी तो दार उडवणारा भित्रा माणूस ठरला. १९९९मध्ये कुपी समुद्रातून वर काढली, तरी तिनं दार का उडालं याचा निकाल दिला नाही. पडद्यावर मात्र तो कधीच लागून गेला होता.

त्याच्या जागी एखादा बोलका माणूस असता, तर त्यानं मुलाखतींतून, आठवणींतून आपली बाजू इतकी मांडली असती, की सिनेमाला ती टाळता आली नसती. ग्रिसमनं एकदा सांगितलं आणि कामाला लागला.

तिसरा मार्ग : मौनाखाली जखम शोधा

आता 'फर्स्ट मॅन'. दिग्दर्शक डेमियन शझेल, पटकथा जॉश सिंगरची, आधार जेम्स हॅन्सननं लिहिलेलं आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेलं अधिकृत चरित्र. हॅन्सनला आर्मस्ट्राँगनं ५० तासांहून अधिक मुलाखती दिल्या होत्या. म्हणजे एवढ्या अबोल माणसाबद्दल मिळू शकेल तेवढा ऐवज हाताशी होता.

या सिनेमाला मौनाची भीती वाटत नाही. रायन गॉसलिंगचा नील पानंच्या पानं संवाद बोलत नाही. कॅमेरा यानाच्या आतच राहतो. पत्रा कुरकुरतो, खिळे थरथरतात, काचेतून आभाळाचा एक तुकडा दिसतो. मार्च १९६६च्या जेमिनी ८ मोहिमेत एक थ्रस्टर चालूच राहिला आणि यान सेकंदाला एक गिरकी या वेगानं फिरू लागलं. शुद्ध हरपायच्या आत आर्मस्ट्राँगनं परतीसाठी राखून ठेवलेले थ्रस्टर वापरून ते थांबवलं. पडद्यावर आपल्याला पोटात ढवळून येतं आणि समोर तो माणूस बटणं शोधत असतो. भावना आपल्या वाट्याला आणि काम त्याच्या, अशी ही वाटणी मला अतिशय प्रामाणिक वाटते.

संगीतात थेरेमिन नावाचं, हात न लावता वाजवायचं विचित्र वाद्य आहे. तेही उगाच नाही. आर्मस्ट्राँगला थेरेमिनची एक जुनी रेकॉर्ड फार आवडायची. चंद्रावरून परतताना त्यानं ती सोबतच्या टेपवर वाजवली होती. पाहा, जास्तीचं इंधन मागणारा माणूस काहीतरी आठवणीतलं घेऊन गेलाच होता!

पण सिनेमाचा कणा वेगळा आहे. तो म्हणजे कॅरन.

नील आणि जॅनेटची ही मुलगी. मेंदूतल्या गाठीनं आजारी पडली आणि २८ जानेवारी १९६२ला, तीन वर्षांचीही व्हायच्या आत, गेली. तो त्या दोघांच्या लग्नाचा वाढदिवस होता. नील लवकरच कामावर परतला. कामावर तो तिच्याबद्दल बोलत नसे. पुढेही जाहीरपणे जवळपास कधीच बोलला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अंतराळवीरांच्या दुसऱ्या तुकडीत त्याचं नाव जाहीर झालं.

सिनेमा हा धागा पकडतो आणि शेवटपर्यंत ओढत नेतो. त्यासाठी इतिहासात एक छोटा फेरफारही करतो. सुरुवातीला नीलचं एक्स-१५ हे रॉकेट-विमान वातावरणावरून उसळून वर जातं आणि खाली यायलाच तयार होत नाही. विरळ हवेत पंखांना पकड मिळत नाही. सिनेमात हे १९६१मध्ये, कॅरन आजारी असताना घडतं. प्रत्यक्षात हे उड्डाण २० एप्रिल १९६२चं, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर बारा आठवड्यांनी झालेलं. ते विमान पासाडेनाच्या दिशेनं भरकटलं आणि जेमतेम धावपट्टीच्या टोकाला टेकलं. १२ मिनिटं २८ सेकंद, एक्स-१५चं सगळ्यांत लांबलेलं उड्डाण.

क्रम बदलल्यानं काय होतं? घडलं तसं दाखवलं असतं, तर प्रेक्षकानं विचारलं असतं : दुःखात बुडालेल्या बापाचं लक्ष उडालं होतं का? तो अवघड प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. सिनेमानं घटना आधी घेतली, म्हणजे गोष्ट सरळ झाली : आधी धोका, मग दुःख, मग दुःख पाठीवर टाकून चंद्राकडे.

आणि मग शेवट. चंद्रावर नील एका विवराच्या काठावर उभा राहतो, हेल्मेटची सोनेरी काच वर करतो आणि मुठीतलं कॅरनचं मण्यांचं कांकण अंधारात सोडतो. थिएटरात हुंदके ऐकू आले, त्यातला एक माझाही असेल.

हे घडलं होतं का? माहीत असलेली गोष्ट एवढीच : चंद्रावरच्या सुमारे अडीच तासांच्या फेरफटक्याच्या शेवटाकडे आर्मस्ट्राँग ठरलेल्या कार्यक्रमाबाहेर जाऊन सुमारे साठ मीटरवरच्या एका विवरापाशी गेला. आज त्याला लिटल वेस्ट म्हणतात. तिथे त्यानं फोटो काढले आणि परत आला. कॅरनचं काही त्यानं नेलं होतं का, हा प्रश्न चरित्रकाराच्या मनात आला. नीलच्या बहिणीनं, तसं असावं अशी आपली मनापासून इच्छा असल्याचं सांगितलं. पुरावा नाही. कांकण हा अंदाज आहे.

त्या वेळी अमेरिकेत वाद पेटला तो मात्र भलत्याच गोष्टीवर. झेंडा रोवण्याचा क्षण सिनेमात दाखवला नाही म्हणून राजकारणी चिडले. आर्मस्ट्राँगच्या दोन्ही मुलांना आणि हॅन्सनला सिनेमाच्या बाजूनं निवेदन काढावं लागलं. झेंडा तर चंद्रावर उभा दिसतोच. जे घडलं ते दाखवलं नाही यावर एवढा गदारोळ झाला. जे घडल्याचा पुरावा नाही ते दाखवलं, यावर त्या मानानं कुजबुजच.

मला कांकणाचा राग येत नाही. ग्रिसमच्या दाराशी त्याची तुलना करून पाहा. दोन्ही ठिकाणी बंद खोलीतल्या एकट्या माणसानं काय केलं याचा अंदाज आहे. पण एका अंदाजानं मेलेल्या माणसावर भित्रेपणाचा शिक्का बसतो, दुसऱ्यानं कुणावरच काही बसत नाही. हा फरक मोठा आहे.

तरी एक गोष्ट खटकते. कांकण असं सुचवतं, की हा माणूस गप्प होता कारण त्याला जखम होती. मौनाला कारण हवं, आणि कारण दुःखच हवं. पण नील कॅरनच्या आधीही अबोलच होता, लहानपणापासून. मे १९६८मध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव करायचं यंत्र हवेत बिघडलं आणि त्यानं अगदी शेवटच्या क्षणी उडी टाकून जीव वाचवला. थोड्या वेळानं अ‍ॅलन बीननं पाहिलं, तर हा आपल्या टेबलावर कागदपत्रं उरकत बसलेला. बीनला ही बातमी दुसऱ्यांकडून कळली, तेव्हा तो परत येऊन विचारता झाला. नीलनं अगदी थोडक्यात हो म्हटलं. यामागे कुठली जखम शोधायची? काही माणसं अशी असतात. आपल्या घरातही एखादे आजोबा किंवा काका असे असतात, ज्यांच्याबद्दल आपण वर्षानुवर्षं 'त्यांचं काहीतरी बिनसलं असेल' म्हणत राहतो, आणि ते फक्त सायकलची चेन बसवत असतात.

त्या कांकणापेक्षा मला दुसरा एक प्रसंग जास्त खरा वाटतो. निघण्याच्या आदल्या रात्री जॅनेट त्याला मुलांसमोर बसवते. तू कदाचित परत येणार नाहीस, हे त्यांना तूच सांग. नील जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि पत्रकार परिषदेत द्यावीत तशी उत्तरं देतो. शेवटी मोठा मुलगा हस्तांदोलन करतो. इथे सिनेमा नीलच्या अबोलपणाला सोनेरी वर्ख लावत नाही. ते मौन घरातल्यांना किती महाग पडत होतं तेही दाखवतो. संकटात कामी येणारा गुण घरी जेवणाच्या टेबलावर कामी येतोच असं नाही. हे लग्न पुढे १९९४मध्ये मोडलं.

चौथा मार्ग : नुसतं ऐका

'फर्स्ट मॅन'नंतर काही महिन्यांतच टॉड डग्लस मिलरचा 'अपोलो ११' (२०१९) हा माहितीपट आला. निवेदक नाही, नव्या मुलाखती नाहीत, अभिनेते नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून असलेलं ७० एमएमचं चित्रीकरण आणि ११ हजार तासांहून अधिक ध्वनिमुद्रण, एवढ्यावर तो उभा आहे.

त्यात उड्डाणाच्या वेळचे नाडीचे ठोके येतात. आर्मस्ट्राँग ११०, कॉलिन्स ९९, ऑल्ड्रिन ८८. बस्स. कुणी काही बोलत नाही. पण सगळ्यांत शांत वाटणाऱ्या माणसाचा आकडा सगळ्यांत मोठा आहे, हे आपल्या ध्यानात येतं आणि आपण त्याच्या जवळ सरकतो. कांकणानं जे साधायचं होतं त्यातलं पुष्कळसं एका आकड्यानं साधलं.

म्हणजे माहितीपटच काढावेत आणि सिनेमे काढूच नयेत का? नाही. माहितीपटाला जॅनेटचं स्वयंपाकघर दाखवता येत नाही, कारण तिथे कॅमेरा नव्हता. कॅरनबद्दल तो गप्पच राहतो. नुसत्या पुराव्यावर चाललं, तर ज्या आयुष्यांची नोंद कुणी ठेवली नाही ती कायमची पडद्याबाहेर राहतील, आणि त्यांत बायका आणि मुलं पहिली. सिनेमानं अंदाज करायलाच हवा. पण करताना तीन प्रश्न विचारावेत : या अंदाजानं कुणावर ठपका येतो का? उत्तर द्यायला तो माणूस आहे का? आणि प्रेक्षकाला तो अंदाज म्हणून कळतो का?

'फर्स्ट मॅन' पहिल्या प्रश्नात पास होतो, तिसऱ्यात काठावर. 'द राइट स्टफ' ग्रिसमच्या बाबतीत तिन्हींत नापास होतो.

आपल्याकडे

ऑक्टोबर १९६९मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघालेले हे तिघे मुंबईतही येऊन गेले होते. रस्ते माणसांनी फुलून गेले होते. आपल्याला वीर आवडतात, यात नवल नाही.

आता आपले स्वतःचेही आहेत. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला सोयूझ टी-११मधून गेले आणि सॅल्यूत ७ या अंतराळस्थानकावर राहून जवळजवळ आठ दिवसांनी परतले. पंतप्रधानांनी प्रश्न विचारला आणि त्यांनी इक्बालच्या ओळीनं उत्तर दिलं, तेवढं सगळ्या देशाला पाठ आहे. त्यानंतर ते टेस्ट पायलट म्हणून आपल्या कामाला परत गेले आणि निवृत्तीनंतर कुन्नूरला शांतपणे राहू लागले. त्यांच्यावरच्या सिनेमाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, एकेका नटाचं नाव येतं आणि जातं. तो सिनेमा झाला, तर ते एक वाक्य शेवटी असणार, मागे वाद्यवृंद असणार, हे आत्ताच दिसतं. पण त्या मोहिमेत रवीश मल्होत्राही होते. तेवढंच प्रशिक्षण घेतलेले आणि गरज पडली तरच जायचं म्हणून जमिनीवर राहिलेले. मला त्यांचा सिनेमा पाहायचा आहे. प्रक्षेपणाच्या दिवशी ते काय करत असतील? बहुधा यादीतली पुढची नोंद तपासत असतील.

जून २०२५मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले. गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, म्हणजे त्याच न बोलण्याच्या शाळेतले. आज ना उद्या त्यांच्यावर पटकथा लिहिल्या जातील. एखादा लेखक त्यांच्यासमोर बसेल आणि विचारेल, की त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटलं? समोरचा माणूस थोडा वेळ थांबेल आणि एखादा दाब, एखादं तापमान किंवा उरलेल्या इंधनाचा आकडा सांगेल.

त्या लेखकाला माझी एकच विनंती आहे. तो आकडा लिहून घ्या. त्यांना काय वाटलं, तेच त्यांनी सांगितलेलं असेल.